‘स्टार ट्रेक’ चित्रपटमालिकेतील श्रेष्ठ चित्रपट : जहाज, कप्तान आणि निर्णयाची किंमत

प्रस्तावना

न्हावा शेवा परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ‘जहाज’ ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. २६ मे १९८९ रोजी येथील बंदर कार्यान्वित झाले आणि पाहता पाहता देशातील प्रमुख कंटेनर बंदर बनले. वर्गातील कोणाचे वडील बंदरात कामाला असतात, कोणाचा भाऊ मर्चंट नेव्हीत असतो, तर कोणाच्या घरी मासेमारीची होडी असते आणि त्या होडीवर शब्द चालतो तो तांडेलाचा. न्हावा येथेच ‘टी. एस. रहमान’ ही खलाशी व अधिकारी घडविणारी जुनी प्रशिक्षण संस्था आहे. असे असूनही अवकाशातील जहाजांचे चित्रपट पाहताना हाच विद्यार्थी बहुधा स्फोट, वेग आणि दृश्यचमत्कार एवढ्यांचीच नोंद घेतो. आपल्याला ठाऊक असलेले जहाज आणि पडद्यावरचे जहाज यांचा काही संबंध असू शकेल, हे त्याच्या मनात येत नाही.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन चित्रपटमालिकेच्या बाबतीत हा संबंध अतिशय निकटचा आहे. १९७९ ते २०१६ या काळात या मालिकेतील तेरा चित्रपट चित्रपटगृहांत प्रदर्शित झाले. २०२५ मधील ‘सेक्शन ३१’ हा चित्रपट थेट घरच्या पडद्यासाठी काढलेला असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही. या तेरांपैकी श्रेष्ठ कोणते आणि ते श्रेष्ठ का, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. केवळ आवडीनिवडीची यादी देण्यापेक्षा, वर्गात चर्चेसाठी वापरता येईल असा एक निकष सुचविणे अधिक उपयुक्त ठरेल, अशी यामागील भूमिका आहे.

१. अवकाशयानामागील गलबत

‘स्टार ट्रेक’ ही मुळात दूरचित्रवाणी मालिका. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत तिचे प्रक्षेपण सुरू झाले आणि तीन हंगामांत ७९ भाग होऊन १९६९ मध्ये ती थांबली. भारतात १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ती दाखविली गेली. तिचे जनक जीन रॉडनबेरी हे दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानाचे वैमानिक होते. परंतु मालिकेची कल्पना रचताना त्यांच्यासमोर आदर्श होता तो सी. एस. फॉरेस्टर यांच्या कादंबऱ्यांतील होरेशिओ हॉर्नब्लोअर या शिडाच्या जहाजांच्या काळातील आरमारी अधिकाऱ्याचा. किनाऱ्यापासून महिनोन्‌महिने दूर असलेला, वरिष्ठांचा सल्ला वेळेत मिळण्याची शक्यता नसलेला आणि म्हणून प्रत्येक निर्णयाला एकटाच उत्तरदायी असलेला कप्तान ही ती कल्पना होय. म्हणूनच या यानावर सुकाणू आहे, कप्तानाची रोजनिशी आहे, पहारे आहेत, हुद्दे आहेत आणि दुरुस्तीसाठी गोदीही आहे.

यानाचे ‘एंटरप्राइझ’ हे नावही अमेरिकी नौदलातूनच आलेले आहे. भारतीय वाचकाला हे नाव वेगळ्या कारणाने परिचित असावे. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी अमेरिकेच्या सातव्या आरमारातील जो ताफा बंगालच्या उपसागरात आला, त्याच्या अग्रभागी याच नावाची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका होती. एकच नाव एका समाजाला शोधक वृत्तीचे प्रतीक वाटते आणि दुसऱ्या समाजाच्या स्मरणात धाक म्हणून राहते. परकीय लोकप्रिय कलाकृतीचे वाचन करताना हे भान सुटता कामा नये.

२. सम-विषमाचा ठोकताळा

या मालिकेच्या चाहत्यांमध्ये एक ठोकताळा प्रसिद्ध आहे : सम क्रमांकाचे चित्रपट चांगले, विषम क्रमांकाचे सामान्य. दुसरा ‘द रॅथ ऑफ खान’ (१९८२), चौथा ‘द व्हॉएज होम’ (१९८६), सहावा ‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ (१९९१) आणि आठवा ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ (१९९६) या चित्रपटांना हा ठोकताळा तंतोतंत लागू पडतो. मात्र दहावा ‘नेमेसिस’ (२००२) प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी नाकारला, तर अकरावा ‘स्टार ट्रेक’ (२००९) लोकप्रिय ठरला आणि मालिकेला तिचे एकमेव ऑस्कर पारितोषिक, रंगभूषेसाठी का होईना, त्यानेच मिळवून दिले. म्हणजे क्रमांक हे कारण नव्हे. चारही सम चित्रपटांत कोणता तरी समान गुण असला पाहिजे.

प्रस्तुत लेखकाच्या मते तो गुण असा : या चित्रपटांत निर्णय घेणाराच त्या निर्णयाची किंमत मोजतो आणि मोजलेली किंमत त्याला परत मिळत नाही. समुद्रावर काम करणाऱ्याला हे सूत्र अपरिचित नाही. जहाजावर सर्वांचे भवितव्य एका लाकडात किंवा एका पोलादात बांधलेले असते. कप्तानाच्या चुकीची झळ खालच्या इंजिनखोलीतील पोराला आधी लागते. हा संबंध जिथे दिसतो तिथे कथेला वजन येते. जिथे तो तुटतो तिथे उरते ती केवळ रोषणाई.

३. चार श्रेष्ठ चित्रपट

(अ) द रॅथ ऑफ खान : पहिल्या चित्रपटावर प्रचंड खर्च झाल्यामुळे दुसऱ्यासाठी सुमारे १ कोटी २० लाख डॉलर इतकीच मर्यादित रक्कम उपलब्ध झाली. दिग्दर्शक निकोलस मेयर यांनी हॉर्नब्लोअरचा धागा जाणीवपूर्वक पुन्हा हाती घेतला. अखेरची लढाई दाट तेजोमेघात, एकमेकांना न दिसणाऱ्या दोन जहाजांत, पाणबुड्यांच्या युद्धासारखी घडते. नायक कर्क आणि प्रतिनायक खान संपूर्ण चित्रपटात एकदाही समोरासमोर येत नाहीत. ते केवळ पडद्यावरून बोलतात. याच चित्रपटातील ‘जेनेसिस’ दृश्य हे पूर्णतः संगणकावर तयार केलेल्या चित्रपटदृश्यांच्या आद्य उदाहरणांपैकी एक असून ते घडविणाऱ्या गटातूनच पुढे ‘पिक्सार’ ही संस्था उदयास आली.

परंतु चित्रपटाचा खरा गाभा त्याच्या पहिल्याच प्रसंगात आहे. प्रशिक्षणार्थींची एक चाचणी चालू असते. ‘कोबायाशी मारू’ नावाचे मालवाहू जहाज निषिद्ध क्षेत्रात अडकले आहे. मदतीला जावे तर तह मोडतो आणि शत्रू घेरतो, न जावे तर त्यावरील माणसे मरतात. ‘मारू’ हा जपानी व्यापारी जहाजांच्या नावाअखेर येणारा शब्द बंदर परिसरातील वाचकांनी जहाजांवर अनेकदा पाहिला असेल. हा पेचही सागरी आहे. संकटातील माणसांच्या मदतीला धावणे हे कप्तानाचे कर्तव्य आहे, असे समुद्रावरील जीवरक्षेचा १९७४ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. या चाचणीत जिंकता येत नाही. हरताना माणूस कसा वागतो एवढेच पाहावयाचे असते. कर्कने तरुणपणी यंत्रातील मांडणीच बदलून ही चाचणी ‘जिंकली’ होती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, चष्मा लावून वाचणाऱ्या या कप्तानाला अखेर न टाळता येणारी हार पत्करावी लागते. जहाज वाचविण्यासाठी त्याचा मित्र स्पॉक किरणोत्सर्गाने भरलेल्या कक्षात शिरतो आणि काचेपलीकडे प्राण सोडतो. आजवर आपण मृत्यूला सामोरे गेलोच नाही, केवळ हुलकावण्या दिल्या, ही कर्कची कबुली संपूर्ण मालिकेतील सर्वांत प्रौढ क्षण आहे.

पुढील ‘द सर्च फॉर स्पॉक’ (१९८४) मध्ये स्पॉक परत येतो, तेव्हा वरील निकष मोडतो असा आक्षेप घेता येईल. तथापि तेथेही हिशेब चुकता होतो : मित्राच्या मोबदल्यात कर्क आपला मुलगा गमावतो आणि आपले जहाज स्वतःच्या हाताने नष्ट करतो. म्हणूनच हा विषम क्रमांकाचा चित्रपट सामान्य असला तरी पोकळ वाटत नाही.

(आ) द व्हॉएज होम : लिओनार्ड निमॉय यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात खलनायकच नाही. तेविसाव्या शतकात एक अज्ञात यान पृथ्वीजवळ येऊन कुबड्या देवमाशांना साद घालते. पण माणसाने ती जातच संपविलेली असल्याने उत्तर द्यायला कोणी उरलेले नसते. म्हणून कर्क आणि त्याचे सहकारी १९८६ च्या सॅन फ्रान्सिस्कोत येतात. तेथे ते खऱ्या ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू नौकेवर शिरतात. प्रत्यक्ष चित्रीकरण मात्र ‘रेंजर’ या नौकेवर झाले होते. येथे किंमत मोजावी लागते ती पूर्वजांच्या निर्णयाची. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने १९८२ मध्ये ठरविलेली व्यापारी शिकारीवरील स्थगिती नेमकी याच सुमारास अमलात येत होती, हे लक्षात घेतल्यास विनोदी वेषातील या चित्रपटाचे गांभीर्य जाणवते. आपल्या दृष्टीने त्यात आणखी एक अर्थ आहे. अरबी समुद्रातील कुबडे देवमासे ही जगातील इतर समूहांपासून अलग राहिलेली, दूरचे स्थलांतर न करणारी आणि अत्यल्प संख्येने उरलेली जमात आहे, आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तिच्या नोंदी आहेत. ज्या प्राण्यासाठी पडद्यावरचे वीर तीन शतके मागे येतात, तो आपल्या दारातील समुद्रात आज जिवंत आहे.

(इ) द अनडिस्कव्हर्ड कंट्री : पुन्हा मेयर यांचेच दिग्दर्शन. क्लिंगॉन या शत्रुराष्ट्राचा ऊर्जा पुरविणारा उपग्रह स्फोटात नष्ट होतो आणि त्याला वाटाघाटींना यावे लागते. १९८६ ची चेर्नोबिल दुर्घटना आणि शीतयुद्धाचा अंत यांचे हे उघड रूपक आहे. चित्रपट ६ डिसेंबर १९९१ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच महिन्यात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. त्याआधी काही आठवडे, २४ ऑक्टोबर रोजी, रॉडनबेरी यांचे निधन झाले होते. शांततेची मोहीम सोपविली जाते ती ज्याचा मुलगा क्लिंगॉनांनी मारला त्या कर्कवर. त्याने रोजनिशीत मनातील द्वेष नोंदवून ठेवलेला असतो आणि पुढे न्यायालयात तीच नोंद त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून ऐकविली जाते. शांततेला विरोध करणारे दोन्ही बाजूंचे अधिकारी परस्परांशी मात्र उत्तम सहकार्य करतात, हा चित्रपटाचा सर्वांत तीक्ष्ण उपरोध होय. येथे मोजावयाची किंमत म्हणजे वर्षानुवर्षे जपलेला द्वेष सोडून देणे.

(ई) फर्स्ट कॉन्टॅक्ट : पुढच्या पिढीचा कप्तान पिकार्ड याला बोर्ग नावाच्या, व्यक्तित्व गिळून टाकणाऱ्या यंत्रमानवी समूहाने पूर्वी एकदा आपल्यात ओढलेले असते. जहाज त्यांच्या ताब्यात जाऊ लागले तरी तो माघार घेत नाही, कारण त्याला सूड हवा असतो. अधिकारी अखेर हुद्द्यापुढे झुकून गप्प बसतात. त्याला आरसा दाखविते ती हुद्द्याबाहेरची, एकविसाव्या शतकातील एक सामान्य स्त्री. हर्मन मेल्विल यांच्या ‘मोबी डिक’मधील देवमाशाच्या सुडापायी जहाज बुडविणाऱ्या कप्तानाची आठवण ती करून देते आणि पिकार्ड जहाज सोडण्याचा आदेश देतो. कप्तानाला जहाज सोडणे म्हणजे स्वतःचा पराभव मान्य करणे. ते तो करतो, म्हणून चित्रपट श्रेष्ठ ठरतो.

४. विषय जवळचा, पण चित्रपट दुबळा

वरील निकषाची खरी कसोटी नवव्या चित्रपटात, ‘इन्सरेक्शन’ (१९९८) मध्ये लागते. एका ग्रहावरील सहाशे माणसांची वस्ती हलवावयाची आहे. त्या ग्रहाभोवतीच्या प्रारणांत यौवन टिकविण्याचा गुण असून त्याचा लाभ अब्जावधींना होईल, असा अधिकाऱ्यांचा युक्तिवाद आहे. वस्तीला कळू न देता तिला एका लपविलेल्या जहाजात हलवावयाचे आणि तेथे तिच्या गावाची हुबेहूब आभासी प्रतिकृती उभारावयाची, असा बेत आहे. केवळ सहाशे माणसे तर हलवायची आहेत, असे म्हणणाऱ्या वरिष्ठाला पिकार्ड विचारतो की किती माणसे असली म्हणजे ही गोष्ट चुकीची ठरते?

हा प्रश्न न्हावा शेव्याच्या भूमीवर उभे राहून ऐकला तर अंगावर काटा येतो. जानेवारी १९८४ मध्ये याच पंचक्रोशीत, जासई परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र शेतकऱ्यांनी आपल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी आंदोलन केले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मूळ जमीनमालकांना देण्याचे धोरण या संघर्षातून आकाराला आले. बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसविण्यात आले आणि तेथील वाळवीने पोखरलेल्या घरांमुळे फेरपुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. देशाच्या व्यापारासाठी बंदर हवे होते, यात शंका नाही. प्रश्न होता तो किंमत कोणी मोजावयाची हा.

विषय इतका जवळचा असताना ‘इन्सरेक्शन’ श्रेष्ठ का ठरू नये? कारण त्यात उत्तर अतिशय स्वस्तात मिळते. वस्तीतील दोन-तीन व्यक्ती सोडल्या तर उरलेल्या माणसांना आवाजच नाही; त्यांच्या वतीने कप्तान बोलतो, कप्तान लढतो. तो आपल्या हुद्द्याची चिन्हे उतरवून ठेवतो खरा, पण अखेरीस त्याचे काहीच जात नाही. विस्थापन थांबते, दोष एका भ्रष्ट अधिकाऱ्यावर आणि त्याच्या परकीय साथीदारांवर टाकला जातो, व्यवस्था निर्दोष राहते. प्रत्यक्षात विस्थापितांचा लढा विस्थापितांनीच लढला आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली, हे या परिसरातील कोणालाही सांगावे लागत नाही. उदात्त विषय निवडल्याने कलाकृती श्रेष्ठ होत नाही, हा धडा वर्गात शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

हाच दोष अन्य रूपांत इतरत्रही आढळतो. ‘नेमेसिस’मध्ये डेटा या यंत्रमानवाचे बलिदान होते, परंतु त्याच्या स्मृती दुसऱ्या यंत्रात आधीच उतरविलेल्या असल्याने त्या मृत्यूला धार राहत नाही. ‘इन टू डार्कनेस’ (२०१३) मध्ये कर्क किरणोत्सर्गाने मरतो आणि थोड्याच वेळात खानच्या रक्ताने पुन्हा जिवंत होतो. १९८२ चा प्रसंग उचलला गेला, त्याची किंमत मात्र वगळली गेली. उलट २००९ च्या चित्रपटाची सुरुवातीची काही मिनिटे या निकषावर पूर्ण उतरतात : अवघी काही मिनिटे कप्तान झालेला कर्कचा पिता जहाजावरील शेकडो माणसांना, स्वतःच्या नवजात मुलासह, वाचविण्यासाठी जहाजासह शत्रूवर धडकतो.

५. पडद्यावरील भारतीय चेहरे

पहिल्या ‘द मोशन पिक्चर’ (१९७९) मध्ये मार्गनिर्देशन करणाऱ्या इलिया या अधिकाऱ्याची भूमिका मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी केली. १९६५ च्या ‘मिस इंडिया’ असलेल्या या अभिनेत्रीने भूमिकेसाठी डोके पूर्ण मुंडविले होते. १८ ऑगस्ट १९९८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रॉबर्ट वाइज यांच्या या संथ, भव्य चित्रपटात विचार मोठा आहे : माणसाने पाठविलेले ‘व्हॉयेजर’ यान शतकांनंतर ज्ञानाने ओथंबून, पण आपला निर्माता शोधत परत येते. मात्र येथे किंमत मोजते ती इलिया, आणि निर्णय तिचा नसतोच. म्हणून तिचे हौतात्म्य मनाला भिडत नाही. ‘द व्हॉएज होम’मध्ये टेनिसपटू विजय अमृतराज हे एका अवकाशनौकेचे कप्तान म्हणून काही क्षण दिसतात. यंत्रशक्ती गमावलेल्या त्यांच्या नौकेवर सूर्यप्रकाशावर चालणारे शीड उभारण्याची खटपट चाललेली असते. तेविसाव्या शतकातही अडचणीत आठवते ते शीडच.

खान नूनियन सिंग हे पात्र मात्र नावाने भारतीय. १९६७ च्या मूळ भागात तो उत्तर भारतातील, बहुधा शीख, असावा असे म्हटले आहे. त्याची भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबान यांनी आणि २०१३ मध्ये ब्रिटिश अभिनेते बेनेडिक्ट कंबरबॅच यांनी केली. मालिकेतील सर्वांत गाजलेला ‘भारतीय’ एकाही भारतीय नटाने चित्रपटांत साकारला नाही. सर्व मानवजातीच्या ऐक्याचे स्वप्न पाहणाऱ्या मालिकेची ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून ‘द रॅथ ऑफ खान’ला अग्रस्थान, त्यापाठोपाठ ‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’, ‘द व्हॉएज होम’ आणि ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ असा क्रम लावता येईल. क्रमाविषयी मतभेद संभवतात आणि ते स्वागतार्ह आहेत. निकष मात्र पुन्हा एकदा स्पष्ट करावासा वाटतो. चित्रपट पाहून आलेल्या विद्यार्थ्याला ‘आवडला का?’ असे विचारण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : यात निर्णय कोणी घेतला? त्याची किंमत कोणी मोजली? आणि ती अखेरीस गुपचूप परत केली गेली का? ज्याच्या घरी समुद्रावर जाणारे माणूस आहे किंवा ज्याच्या आजोबांची जमीन बंदराखाली गेली आहे, त्या विद्यार्थ्याला या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी परकीय समीक्षकांकडे जाण्याची गरज भासणार नाही. ती उत्तरे त्याच्या घरात आणि त्याच्या गावात पूर्वीपासूनच आहेत.